पाण्याची घाई

माहेरच्या घरी सोप्यात, दाराच्या चौकटीला लागून, भिंतीवर तीन आडव्या रेघा आहेत. खालची २००५ च्या पुराची, मधली २०२१ ची आणि सगळ्यांत वरची २०१९ ची. धाकट्या भावाने त्या खिळ्याने ओरखडून काढल्या आहेत. दिवाळीच्या आधी घराला रंग लागतो, पण तेवढी हातभर भिंत तो रंगाऱ्याला शिवू देत नाही. २०१९ ची रेघ माझ्या डोक्याच्या वर आहे. त्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. आमचं गाव सांगलीच्या वरच्या अंगाला, नदीच्या एका मोठ्या वळणावर. घर पडलं नाही. पण दोन म्हशी गेल्या, वर्षाचं धान्य गेलं आणि आईच्या हातच्या गोधड्या गेल्या. खरं तर गोधड्या सापडल्या होत्या. पण चिखलाचा तो कुबट वास कितीही धुतल्या तरी जाईना. शेवटी जाळाव्या लागल्या.

मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. 'नदीचे कार्य' हा धडा दरवर्षी असायचा. डोंगरातला टप्पा, मैदानातला टप्पा, नागमोडी वळणं, पूरमैदान, सगळं फळ्यावर रंगीत खडूंनी काढायची. 'पूरमैदान म्हणजे नदीने आपल्या पुरासाठी स्वतः तयार केलेली जागा' हे वाक्य मी शेकडो मुलांकडून घोकून घेतलं असेल. आमची दोन एकर मळी नेमकी त्याच जागेत आहे, ही गोष्ट मात्र मला त्या तीस वर्षांत एकदाही सुचली नाही. शाळेतला भूगोल शाळेत आणि घरची जमीन घरी, असाच आपला हिशेब असतो.

तो हिशेब मोडायला एक फोन कारण झाला. मी मुलीकडे इंग्लंडला निघायच्या तयारीत होते, तेव्हा भावाचा फोन आला.

"अक्का, मळीच्या रानाला गिऱ्हाईक आलंय. भराव टाकून प्लॉट पाडनार हाय त्यो. सात-बाराला तुझं नाव हाय, सही लागंल."

मी म्हटलं, "तीन महिन्यांनी येते, मग बघू." तो काही बोलला नाही. २०१९ आणि २०२१ अशी दोनदा उसाची उभी पिकं कुजलेली, सोसायटीचं कर्ज थकलेलं, मुलाचं शिक्षण चालू. त्याच्या गप्प राहण्यात हे सगळं होतं. मला ते ऐकू आलं आणि तरीही मी फोन ठेवला.

आडवी पडलेली झाडं

मुलगी आणि जावई लीड्सला असतात. तिथून उत्तरेला दीड-दोन तासांवर पिकरिंग नावाचं छोटं गाव आहे. सात-एक हजार वस्ती. जुना किल्ला, दगडी घरं आणि कोळशाच्या इंजिनावर चालणारी जुनी आगगाडी. त्या आगगाडीसाठी आम्ही एका रविवारी तिथे गेलो. गावातून एक ओढा वाहतो, पिकरिंग बेक. 'बेक' म्हणजे त्या भागातल्या बोलीत ओढाच. आपल्याकडचा माणूस त्याला नदी म्हणणार नाही, इतका तो लहान. उडी मारून जावं असं वाटावं.

पुलाजवळ एका दुकानात चहा घेताना एक म्हातारे गृहस्थ बोलायला लागले. मी पुराच्या गावची आहे असं मुलीने सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहराच बदलला. पूर पाहिलेली माणसं जगात कुठेही एकमेकांना लगेच ओळखतात. १९९९, २०००, २००२ आणि २००७, त्यांनी बोटांवर मोजून साल सांगितली. २००७ च्या जूनमध्ये तर या एवढ्याशा ओढ्याने पंचाऐंशी घरं-दुकानं बुडवली. नुकसान सत्तर लाख पौंडांच्या घरात गेलं. लोकांनी मागणी केली, गावात काँक्रीटची भिंत बांधा. अंदाज निघाला दोन कोटी पौंडांचा. एवढ्याशा गावासाठी एवढा खर्च परवडत नाही, असं उत्तर आलं.

त्यांच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं? मोर्चा काढला असता, आणि तो काढायलाही हवा. पिकरिंगकरही चिडले होतेच. पण त्याबरोबर त्यांनी आणखी एक गोष्ट केली. तिथल्या वनखात्याची संशोधनशाखा, पर्यावरण खातं, विद्यापीठातले अभ्यासक आणि गावकरी असे सगळे २००९ पासून एका कामाला लागले. पाणी गावात आल्यावर त्याच्याशी भांडायचं सोडून ते गावात येतंय कसं, हे बघायला ते वर डोंगरात गेले.

जावईबापूंना मी म्हटलं, मलाही ते वर बघायचं आहे. मग आगगाडी राहिली बाजूला आणि आम्ही जंगलातली पायवाट धरली. अर्धा तास चालल्यावर एका ओहोळात दोन-तीन झाडांची खोडं आडवी पडलेली दिसली. मला वाटलं, वादळात झाड पडलं असेल. जरा पुढे गेलो तर पुन्हा तसंच. मग लक्षात आलं, ही पडलेली नाहीत, मुद्दाम टाकलेली आहेत. खोडं दोन्ही काठांत पक्की अडकवलेली होती आणि खाली हातभर फट सोडली होती. रोजचं पाणी त्या फटीतून खुशाल वाहत होतं. मासेही जातात. पण पावसाने ओहोळ भरला की पाणी त्या खोडांना अडतं, फुगतं, काठ ओलांडून शेजारच्या झाडीत पसरतं आणि मग सावकाश खाली उतरतं. हा गळका बांधच आहे. गळतो म्हणूनच तो उपयोगी. न गळणारा बांध पहिल्या पावसात भरून बसेल आणि दुसऱ्या पावसाला त्याच्याकडे जागाच उरणार नाही.

असे १६७ गळके बांध त्यांनी त्या परिसरातल्या ओढ्यांवर घातले. वरच्या माळरानावर पूर्वी पाणी काढून देण्यासाठी चर खणलेले होते. त्यांत हेदर नावाच्या झुडपाच्या पेंढ्या बांधून १८७ ठिकाणी अडवण केली. ओढ्यांच्या काठाने हजारो झाडं लावली. आणि गावाच्या वर, दरीत, मातीचा एक लांब बांध घातला. पूर आला तरच त्याच्यामागे पाणी साठतं, एरवी तिथे गुरं चरतात. त्यात सुमारे १ लाख २० हजार घनमीटर पाणी मावतं.

२०१५ च्या नाताळात उत्तर इंग्लंडमध्ये मोठा पाऊस झाला. यॉर्क आणि लीड्ससारख्या शहरांत पाणी शिरलं. पिकरिंगवर दीड दिवसात सुमारे ५० मिलिमीटर पाऊस पडला आणि गाव कोरडं राहिलं. नंतर मोजमाप झालं. पुराचा सर्वोच्च प्रवाह पंधरा ते वीस टक्क्यांनी कमी झाला होता. त्यातला साधारण निम्मा वाटा मोठ्या बांधाचा आणि निम्मा वरच्या झाडी, खोडं आणि पेंढ्यांचा. तिथल्या शास्त्रज्ञांनी याचा डंका पिटला नाही. त्यामुळे थोडीफार घरं वाचली असावीत, एवढंच ते जपून सांगतात. मला त्यांचा हा जपून बोलण्याचा स्वभाव त्या आकड्यांइतकाच आवडला.

शाळा सुटल्यावर

परत येताना गाडीत मुलीने विचारलं, "आई, पाणी तर तेवढंच पडतं. मग झाडं आडवी टाकून फरक काय पडतो?"

मला शाळेचं फाटक आठवलं. आमच्या शाळेत आठशे मुलं आणि फाटक एक. सगळे वर्ग एकदम सुटले की फाटकात चेंगराचेंगरी व्हायची, एकदा एका मुलीचा हात मोडला. मग मुख्याध्यापकांनी ठरवलं, पाचवी आधी सोडायची, पाच मिनिटांनी सहावी, मग सातवी. मुलं तेवढीच, फाटक तेवढंच, पण गर्दी संपली. पुराचंही तसंच आहे. पावसाचा आकडा आपल्या हातात नाही. पण पडलेलं सगळं पाणी एकाच वेळी पुलाखाली येऊन उभं राहावं की दोन दिवसांत विभागून यावं, हे बरंचसं जमिनीवर अवलंबून असतं. मऊ, गवताळ जमीन पाणी पिते. झाडाची मुळं तिला भोकं पाडून देतात. वेल्समधल्या पॉन्टब्रेन भागात दहा शेतकऱ्यांनी आपल्या मेंढ्यांच्या कुरणांत झाडांचे पट्टे लावले होते. तिथे अभ्यासकांनी मोजलं, तेव्हा मेंढ्यांच्या खुरांनी घट्ट झालेल्या जमिनीपेक्षा शेजारच्या कोवळ्या झाडांखालची जमीन काही ठिकाणी साठपट वेगाने पाणी मुरवत होती. ओढ्याचं प्रत्येक वळण, काठावरची प्रत्येक जाळी, पाणथळ जागेतलं लव्हाळं हे सगळे पाण्याला 'जरा थांब' म्हणणारे आहेत.

आणि आपण गेली पन्नास वर्षं या सगळ्यांना एकेक करून घरी बसवलं आहे.

त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण आमचा ओढा आठवत होता. माळावरून निघून, मळीला वळसा घालून तो कृष्णेला मिळायचा. काठाला करंज, बाभळी, निर्गुडी. लहानपणी आम्ही भावंडं त्यात खेकडे धरायचो. मी कॉलेजात असताना आबांनी बुलडोझर आणून तो सरळ करून घेतला. वळणात अडकलेली दहा-बारा गुंठे जमीन मोकळी झाली. पेढे वाटले होते घरी. पुढे शेजाऱ्यांनीही आपापला तुकडा सरळ केला. आता तो ओढा म्हणजे एक सरळ चर आहे. पाऊस पडला की माळावरचं पाणी त्यातून धावत नदीकडे जातं, आणि नदी फुगली की तिचं पाणी त्याच चरातून उलटं धावत गावात येतं. २०१९ ला पूर आमच्या दारात आला तो नदीच्या बाजूने नव्हे, मागच्या बाजूने, त्या चरातून. आबांची चूक होती असं मी म्हणणार नाही. त्या काळात शहाणा शेतकरी जे करत होता तेच त्यांनी केलं. पण त्या दहा-बारा गुंठ्यांची किंमत त्या दोन म्हशींनी मोजली, हेही खरंच.

आपली शाळा फार मोठी

लगेच कोणी म्हणेल, इंग्लंडच्या ओढ्याचं औषध कृष्णेला कसं लागू पडेल? शंका रास्त आहे. पिकरिंगच्या ओढ्याचं पाणलोट क्षेत्र जेमतेम सत्तर चौरस किलोमीटर. एकट्या कोयना धरणाचं पाणलोट त्याच्या बारापट. कोयनेत १०५ टीएमसी पाणी मावतं. पिकरिंगच्या त्या बांधासारखे दोनशे पस्तीस बांध भरले तर एक टीएमसी होतं. तिथे दीड दिवसात ५० मिलिमीटर पावसाला मोठा पाऊस म्हणतात. आपल्या गगनबावड्याला किंवा महाबळेश्वरला तेवढा पाऊस दुपारच्या झोपेत पडून जातो.

म्हणून कोणी 'झाडं लावा, पूर जाईल' असं सांगू लागलं तर त्यावर विश्वास ठेवू नये. महिनाभर पाऊस झालेला असतो, जमीन तुडुंब असते, धरणं भरत आलेली असतात आणि वर पुन्हा आठवडाभर कोसळतं. २०१९ मध्ये तेच झालं. अशा वेळी जंगलही आणखी पाणी पिऊ शकत नाही. शिवाय जिथेतिथे चर खणून भागत नाही. अतिपावसाच्या उभ्या डोंगरउतारावर पाणी मुरवायला जावं तर डोंगरच खाली येण्याची भीती. २०१४ चं माळीण आणि २०२१ चं तळिये आपण विसरलेलो नाही. तिथे आहे ते जंगल आणि गवत राखणं हेच मोठं काम.

आणखी एक अडचण भूगोलाची. कराडला कोयना कृष्णेला मिळते, ब्रह्मनाळजवळ येरळा, सांगलीशेजारी हरिपूरला वारणा आणि नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. आपल्या फाटकाशी असे अनेक वर्ग येतात. चुकीचा वर्ग पाच मिनिटं थांबवला तर तो नेमका पुढच्या वर्गाबरोबर फाटकात येईल. म्हणून कुठे पाणी थांबवायचं आणि कुठलं आधी जाऊ द्यायचं, याचा हिशेब आधी करावा लागतो. हे काम जाणकारांचंच.

पण एवढं सगळं मान्य केल्यावरही जे उरतं ते थोडं नाही. दर वर्षी काही २०१९ येत नाही. दर दोन-तीन वर्षांनी येणारे लहान आणि मध्यम पूर, गावाचा रस्ता तोडणारे, ओढ्याकाठची दहा घरं भिजवणारे, हे गावच्या पातळीवर कमी होऊ शकतात. आणि मोठ्या पुरातही अर्धा फूट पाणी कमी म्हणजे काय, ते उंबऱ्याशी पाणी आलेल्यालाच विचारावं.

साधा हिशेब बघा. एक एकर भातखाचरात सहा इंच पाणी उभं राहिलं तर ते सहा लाख लिटरांच्या आसपास भरतं. पिकरिंगचा तो मोठा बांध जेवढं पाणी धरतो, तेवढं पाणी दोनशे एकर भातखाचरं धरू शकतात, अर्थात त्यांच्या बांधांना तेवढी उंची आणि त्यात तेवढी रिकामी जागा असेल तर. आपल्या सह्याद्रीच्या कुशीत अशी खाचरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तिथल्या बायका चिखलात वाकून रोपं लावतात, तेव्हा त्या खाली सांगली-कोल्हापूरची राखणही करत असतात. आपण त्यांना भाताचा भाव देतो, राखणीचा देत नाही.

आणि आपल्याला हे शास्त्र नवं आहे का? 'पाणी अडवा, पाणी जिरवा' ही घोषणा आपल्या शाळांच्या भिंतींवर रंगवलेली आहे. माथा ते पायथा काम करायचं, आधी डोंगरमाथ्यावर पाणी थांबवायचं, मग ओघळीत अनघड दगडांचे बांध, मग नाल्यात. हिवरेबाजारने हे करून दाखवलं. पिकरिंगची आडवी खोडं आणि आपले अनघड दगडी बांध ही सख्खी भावंडं आहेत. फरक एवढाच की आपण हे काम फक्त दुष्काळाचं मानलं. आमच्याच सांगली जिल्ह्यात पूर्वेला जत-आटपाडी पाण्यासाठी तहानलेली आणि पश्चिमेला आम्ही पाण्यात. तिकडे थेंब अडवायचा म्हणून माणसं उन्हात राबली, इकडे आम्ही बुलडोझर लावून ओढे सरळ केले.

नदीची खोली

डोंगरातलं झालं. पण आमचं गाव डोंगरात नाही, सखल भागात आहे. पाणी सावकाश आलं तरी ते कुठेतरी पसरणारच. त्याची पसरायची जागा म्हणजे मळी.

आजोबांच्या काळी मळीत पावसाळ्यात गवताशिवाय काही नसायचं. नदी यायची, दोन दिवस राहायची, गाळ टाकून जायची. मग त्या ओलीवर शाळू, हरभरा, कृष्णाकाठची वांगी. पूर आला नाही तर म्हातारी माणसं हळहळायची, यंदा गाळ नाही म्हणून. पुढे नदीवर मोटारी बसल्या, ऊस आला. ऊस वर्षभर रानात उभा राहणारं पीक. पूर कधीही आला तरी तो सापडणारच. पोंग्यात गाळाचं पाणी गेलं की कुजलाच. उसाच्या मागून वीटभट्ट्या आल्या, त्यांच्या मागून भराव. ज्या पाण्याची वाट बघायची, त्याचीच भीती वाटायला लागली.

जुन्या लोकांची समज बघायची असेल तर नरसोबाच्या वाडीला जावं. दत्ताचं देऊळ अगदी नदीकाठी, पुरात बुडेल अशाच जागी. पाणी चढू लागलं की उत्सवमूर्ती वर हलवतात आणि पादुकांवरून पाणी दक्षिण दाराने बाहेर पडू लागलं की दक्षिणद्वार सोहळा. लोक लांबून त्या पाण्यात स्नानाला येतात. पाणी उतरलं की गाळ काढायचा, देऊळ धुवायचं, पूजा सुरू. नदी येणार हे धरूनच तिथलं सगळं चाललेलं. आपण देवाला जे कळू दिलं ते स्वतःला कळू दिलं नाही.

हॉलंडसारख्या देशाला हे उशिरा, पण कळलं. शेकडो वर्षं त्यांनी बांध उंच करत पाणी बाहेर ठेवलं. १९९५ मध्ये नद्या इतक्या फुगल्या की अडीच लाख माणसं घरं सोडून गेली. त्यानंतर त्यांनी धोरण बदललं आणि नदीला जागा करून द्यायची योजना तीसहून अधिक ठिकाणी राबवली. नायमेगेन शहराजवळ बांध सुमारे ३५० मीटर मागे घेतला, नदीला शेजारून दुसरी वाट काढून दिली. त्यासाठी पन्नासेक घरं हलवावी लागली. ओव्हरडीप नावाच्या एका सखल भागात मोठ्या पुराचं पाणी आत घ्यायचं ठरलं, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनीच सुचवलं की आम्हाला उंच टेकाडं करून द्या, त्यावर आम्ही गोठे आणि घरं बांधू. तसं झालं. टेकाडांवर जेवढे मावले तेवढे राहिले, बाकीचे भरपाई घेऊन दुसरीकडे गेले. सुखासुखी झालं असेल असं मला वाटत नाही. पिढ्यांची जमीन सोडताना माणूस कुठल्याही देशात रडतोच.

सही

मी परत आले आणि माहेरी गेले. भावाने कागद काढून ठेवले होते. मी बरोबर आणलेले फोटो दाखवले, आडव्या खोडांचे. त्याने चष्मा लावून बघितले. त्याला समजायला अर्धं मिनिटही लागलं नाही. पाणी त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

"अक्का, तुझं समदं बरोबर हाय," तो म्हणाला. "वढा सरळ केला हे चुकलंच. मळीत भराव पडला तर आपलं घर आनि खालची आळी आनखी बुडनार, हे बी मला कळतंय. पर नदीला जागा सोडायची, त्याचं पैसं कुनी द्यायचं? मी एकट्यानं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. गावात पुराची चर्चा निघाली की ती अलमट्टीवर नाहीतर कोयनेच्या दरवाजांवर येऊन थांबते. ते प्रश्न आहेतच, दोन राज्यांनी बसून ते सोडवायचे आहेत. २०१९ नंतर नेमलेल्या वडनेरे समितीने अतिवृष्टीबरोबर नदीकाठच्या अतिक्रमणांवरही बोट ठेवलं. निळ्या पूररेषेच्या आत बांधकामाला मनाई आहे, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटींवर परवानगी मिळते. नकाशावर रेषा आहेत. पण त्या रेषेच्या आतल्या शेतकऱ्याने 'माझं रान पाण्यासाठी मोकळं ठेवतो' म्हटलं तर त्याच्या पदरात काय पडतं? इंग्लंडमध्ये अशा कामासाठी शेतकऱ्याला सरकारी योजनेतून मोबदला मिळतो. हॉलंडने भरपाई दिली. आपण पूर येऊन गेल्यावर पंचनामे करतो. पूर येऊ नये म्हणून ज्याने जागा सोडली त्याचा पंचनामा कोणी करत नाही. धरणासाठी जमीन गेली तर तिला किंमत असते. पुरासाठी मोकळी ठेवलेली जमीन मात्र 'पडीक' ठरते.

त्या रात्री आम्ही बहीण-भाऊ उशिरापर्यंत हिशेब करत बसलो. शेवटी ठरलं ते असं. मळी विकायची नाही. ऊस काढायचा. पावसाळ्यात वैरणीचं गवत आणि पूर ओसरल्यावर शाळू-हरभरा. ओढ्यालगतच्या दहा-बारा गुंठ्यांत त्याला पुन्हा वळण द्यायचं आणि काठाला वाळुंज, करंज, बांबू लावायचे. उसाच्या उत्पन्नात जी खोट येईल ती तीन वर्षं मी माझ्या पेन्शनमधून भरून द्यायची. सोसायटीचं कर्ज त्याने फेडायचं. वहिनी ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "तीन वर्सांनी काय?" त्याचं उत्तर आम्हा दोघांकडेही नव्हतं.

एका निवृत्त शिक्षिकेच्या पेन्शनवर काही कृष्णेचा पूर थांबणार नाही. शेजाऱ्याने आपली मळी त्याच गिऱ्हाइकाला दिली. तिथे मुरुमाचे ट्रक येऊन पडले, आणि तो भराव पाणी आमच्याकडे ढकलणार हे उघड आहे. मी त्याला दोष देत नाही. त्याला पेन्शनवाली बहीण नव्हती. म्हणून तर हे काम बहिणींवर सोडून चालणार नाही. खालच्या शहरांनी आणि सरकारने वरच्या नि काठच्या शेतकऱ्याला राखणीचा पगार द्यायला हवा.

त्यानंतरच्या पावसाळ्यात एका सकाळी फोन आला. "अक्का, नदी मळीत आलीया. गवात निजलंय समदं."

मी घाबरून विचारलं, "ओढ्यातनं गावाकडं येतंय का?"

"यायलंय, पर दमानं. त्या वळनात फिराय लागलंय."

तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं. मळीत दोन बोटं गाळ बसला होता. मोठा पूर नव्हताच तो, त्यामुळे आमच्या त्या वळणाने काय केलं हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. भिंतीवर रेघ ओढण्याइतकं पाणी घराकडे आलं नाही, एवढंच. दसऱ्यानंतर भावाने त्या गाळात हरभरा टोकला. पहिल्या घाट्यांची एक पिशवी त्याने एसटीने माझ्याकडे पाठवली. आजोबांच्या काळात मळीचा हरभरा असाच घरी यायचा, त्याची चव मी विसरले होते.